नमुन्याचा दवाखाना

“...पण पायाच चुकला तर, भंते?”

हर्षल बोरकुटेनं पुन्हा तेच विचारलं.

भंते रेवत विहाराचा ओटा झाडत होते. त्यांचा हात थांबला नाही.

“पाया कशाचा?”

“वेबसाइटचा. तुम्ही सांगितलेल्या पानाचा. दोन फ्रेमवर्क आहेत. एक जुनं, भरवशाचं. दुसरं नवं, पण वेगवान. मी दोन्हींत सगळी मांडणी करून आणली आहे. तुम्ही एक निवडा. मग पुढचं काम चुटकीसरशी होईल.”

“पुढचं काम कोणतं?”

“माहिती भरायची. ते काय, कुणीही भरेल.”

भंते झाडत राहिले.

विहार एका टेकडीवर होता. खाली भाताच्या बांध्या, मधून नदी, आणि नदीच्या दोन्ही अंगांना विखुरलेली खेडी. भाताचा मुलूख हा सापांचाही मुलूख. रोवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत बायाबापड्या दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, आणि दरवर्षी त्यांतली कुणीतरी घरी परत येत नाही.

साप चावल्यावर द्यायची लस सरकारी दवाखान्यात मिळते. पण प्रत्येक दवाखान्यात नाही, आणि रोज नाही. आज इथली संपते, उद्या तिथे येते. कुठे आहे, ते लोकांना दवाखान्याच्या दारात पोचल्यावरच कळतं.

भंते रेवत चीवर घेण्याआधी पुण्यातल्या एका कंपनीत संगणकाचं काम करत. हर्षलची पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली झाली. पुढे ते सगळं सोडून इकडे आले. हर्षल तिथेच वर चढत गेला.

आता कंपनीत नवा प्रकल्प उभा करायचा असला की आधी हर्षलला बोलावत. कोणतं फ्रेमवर्क, म्हणजे बांधणीचा तयार सांगाडा, घ्यायचं, डेटाबेस कोणता, फोल्डर कसे लावायचे, तपासण्या आपोआप कशा चालवायच्या... त्याचा शब्द शेवटचा असे. या विषयावर तो भाषणंही देत असे. लोक टिपून घेत.

उन्हाळ्यात तो विहारात आला होता, तेव्हा भंतेंनी त्याला एक काम सांगितलं. आसपासच्या दवाखान्यांतल्या सिस्टर रोज सकाळी भंतेंच्या फोनवर लसीचं कळवायला तयार झाल्या होत्या. पण टेकडीवर रेंज कधी असे, कधी नसे. भंतेंना फोन लागलाच नाही तर लोकांनी करायचं काय? म्हणून कुणालाही मोबाइलवर उघडता येईल असं एक पान हवं होतं. दवाखान्याचं नाव, लस आहे की नाही, फोन नंबर. एवढंच.

“रोवणीच्या आत होईल?” भंतेंनी विचारलं होतं.

“भंते, हा तर माझ्या हातचा मळ आहे,” हर्षल हसून म्हणाला होता.

आता निम्मी रोवणी उरकली होती.

हर्षलनं ओट्यावर लॅपटॉप ठेवला आणि उघडण्याआधी त्यावरची धूळ रुमालानं पुसली.

“उशीर झाला, मान्य आहे. पण मला घाईघाईत काही करायचं नव्हतं. आधी एका फ्रेमवर्कमध्ये मांडलं, तर त्याची नवी आवृत्ती आली. जुनीवर बांधलं असतं तर वर्षभरात मोडलं असतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून मांडलं. मग वाटलं, उद्या सगळ्या राज्यानं हे मागितलं तर? म्हणून डेटाबेस बदलला.”

“मागितलं?”

“अजून नाही. पण मागितलं तर...”

भंतेंनी झाडू कोपऱ्यात उभा केला. चीवर खांद्यावर नीट घेतलं.

“चल. एका घरी जायचं आहे.”

“आणि निवड?”

“लॅपटॉप घे बरोबर.”

हर्षलला ते आवडलं. वाटेत बोलता येईल, असं त्याला वाटलं.

आणि वाटेत तो बोललाच. गाडी चिखलातून सावकाश चालली होती, आभाळ खाली आलं होतं. हर्षल सांगत होता : कोड कुणीही लिहिला तरी एकसारखा दिसावा म्हणून त्यानं नियम कसे लावले, एखादी ओळही नियमाबाहेर गेली तर ती सर्व्हरवर चढणारच नाही अशी व्यवस्था कशी केली, रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून काळी पार्श्वभूमी कशी दिली.

भंते खिडकीबाहेर पाहत होते. बांधीत बायकांची एक रांग वाकून मागे मागे सरकत होती.

“तुमच्या काळी सगळं एकाच फाइलमध्ये कोंबायचे,” हर्षल म्हणाला. “चालायचं ते. पण शिस्त नव्हती.”

“नव्हती,” भंते म्हणाले.

...

घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. हर्षलनं गाडी थांबवली आणि आवाज आपोआप खाली आणला.

“कुणी गेलंय का?”

“दुर्पताबाई. या घरची. आज तिचा जलदान विधी आहे.”

“तुम्ही सांगितलं नाहीत...”

भंते गाडीतून उतरले होते.

आत दोन तसबिरी, त्यांच्यापुढे मेणबत्त्या, आणि शेजारी चाळिशीतल्या एका बाईचा फोटो. कुठल्याशा लग्नातला मोठा करून घेतलेला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. बाजूला कुणाशी तरी हसत होती. भिंतीवरच्या खिळ्याला, पावसात डोक्यावरून घ्यायचं निळं प्लास्टिक लटकत होतं. ते कुणी काढलं नव्हतं.

भंतेंनी त्रिशरण दिलं, पंचशील दिलं. गाथा म्हटल्या. मरणाबद्दल थोडंच बोलले. हर्षल शेवटच्या रांगेत हात जोडून बसला. लॅपटॉपची पिशवी त्यानं मांडीखाली सरकवली.

विधी आटोपल्यावर दुर्पताबाईंचा नवरा उद्धव वाळके भंतेंपुढे येऊन बसला. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

“भंतेजी, एक इचारतो. खरं सांगसान?”

“विचारा.”

“तिले बांधीतच चावला. मी गाडीवर टाकून नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. थो जवळचा. सिस्टर म्हने, लस संपली, तालुक्याले न्या. गाडी बोलावली. अर्ध्या वाटेतच...” तो थांबला. “आता लोकं सांगतेत, नदीपलीकडच्या दवाखान्यात लस व्हती म्हनून. पूल ओलांडला का लगेच. व्हती का जी?”



“होती,” भंते म्हणाले.

उद्धवनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

“तुमाले फोन लावला व्हता.”

“माहीत आहे. रेंज आल्यावर दिसला.”

“लागला नाही...”

“नाही लागला.”

उद्धवची म्हातारी आई दाराशी बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला. उद्धवची नजर हर्षलकडे गेली.

“हे कोन?”

“हर्षल. माझ्याकडे शिकतो. दवाखान्यांचं पान तोच करतो आहे.”

हर्षलनं मांडीखालची पिशवी आणखी आत सरकवली. त्यानं भंतेंकडे पाहिलं. भंते त्याच्याकडे पाहत नव्हते.

“थे पान?” उद्धव थोडा पुढे सरकला. “उन्हाळ्यात तुमी विहारात सांगतलं व्हतं, थे? दुर्पता रोज इचारे माले, आलं का म्हने आपल्या फोनवर. बांधीत जाताना इचारे. झालं का जी थे?”

“जवळजवळ...” हर्षल म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडात बसलेला होता.

“दाखवा ना.”

“इथे रेंज नाही. म्हणजे ते अजून...”

“यात हाय ना थे?” उद्धवनं पिशवीकडे बोट केलं.

हर्षलनं पुन्हा भंतेंकडे पाहिलं.

शेवटी त्यानं लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि उघडला. माणसं भोवती जमली. म्हातारीला कुणीतरी हात देऊन पुढे आणलं.

पान देखणं होतं. वर निळी पट्टी, खाली गोल कोपऱ्यांचे चौकोन, प्रत्येकात दवाखान्याचं छोटं चित्र. अक्षर वळणदार. पहिल्या चौकोनात हिरवा ठिपका होता, आणि त्यापुढे लिहिलं होतं : लस उपलब्ध आहे.

उद्धव वाकला. बोट ठेवून वाचू लागला.

“दवाखाना... क.” त्यानं मान वर केली. “हा कोनता जी?”

“तो...”

“कुठंशी येते? आमच्याकडं असा दवाखाना नाही.”

“तो खरा नाहीये, भाऊ. नमुन्यासाठी टाकलाय. पान कसं दिसेल ते बघायला.”

“अन् हा? दवाखाना ख?”

“तोही.”

“सारेच?”

“...हो.”

उद्धव हिरव्या ठिपक्याकडे पाहत राहिला.

“पन इथं तं लस हाय म्हून लिवलं हाय.”

कुणी रागावलं असतं तर हर्षलला बरं वाटलं असतं. कुणी रागावलं नाही. म्हातारीनं स्क्रीनवरचं दवाखान्याचं चित्र निरखून पाहिलं आणि हळूच म्हणाली, “चांगलं केलं बाप्पा पोरानं. रंग चांगले हायेत.”

मग ती म्हणाली, “जेवून जा.”

भंतेंना भोजनदान झालं. हर्षललाही पान वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. त्यानं भात कालवला, पुन्हा कालवला. समोर उद्धव स्वतः वाढत होता. “घ्या जी,” म्हणत होता. “लाजू नका.”

...

परतताना पाऊस लागला होता. काचेवरचे वायपर फिरत होते.

पुलाजवळ हर्षलनं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. पलीकडे दवाखान्याची पिवळी भिंत दिसत होती.

“मुद्दाम नेलंत मला.”

“हो.”

“त्यांच्यासमोर माझी...” त्यानं किल्ली काढून मुठीत धरली. “तुम्ही आधी एकट्याला सांगू शकला असतात.”

भंतेंनी काचेवरची वाफ हातानं पुसली.

“आणि मला एक सांगा, भंते. हे पान तुम्ही एका दुपारी लिहिलं असतं. लिहिलं असतं की नाही?”

“लिहिलं असतं.”

“मग का नाही लिहिलंत? माझी वाट का बघितलीत? उन्हाळा गेला, पाऊस आला, तुम्हाला दिसत होतं मी काय करतोय ते! तुम्ही एकदाही रागावला नाहीत. एकदाही म्हणाला नाहीत की पुरे कर. का?”

भंते नदीकडे पाहत होते. पाणी गढूळ होतं, काठाकाठानं चढलेलं.

“मला शिष्य हवा होता,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“पान मी लिहिलं असतं तर पान झालं असतं. मला वाटलं, तू लिहिशील आणि लिहिता लिहिता ते कशासाठी लिहायचं, हे तुझ्या ध्यानात येईल. म्हणून थांबलो.”

हर्षल त्यांच्याकडे बघतच राहिला.

“त्या दिवशी रेंज आली, उद्धवचा फोन आलेला दिसला... तो लावत होता तेव्हा मी ध्यानाला बसलो होतो. डोळे मिटून.”

त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. त्या हातांकडे हर्षलनं असं कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचे हात होते.

त्यानं गाडी सुरू केली.

...

विहारात आल्यावर हर्षल ओट्यावर बसला आणि एकेक फोल्डर निवडून पुसायला लागला.

“काय करतोस?” भंतेंनी विचारलं.

“सगळं फेकून देतो. दोन्ही फ्रेमवर्क. सगळे महिने.”

“ते फेकल्यानं कुणाला लस मिळेल?”

हर्षलचा हात थांबला.

“मग कोणतं हत्यार घेऊ, भंते? सांगा. तुम्ही सांगाल ते घेतो.”

“समोर उघडं असेल ते.”

समोर साधी कोरी फाइल उघडी होती. हर्षलनं तीच घेतली.

भंते फोन घेऊन ओट्याच्या टोकाला गेले. तिथे त्या वेळी रेंज होती. ते एकेका सिस्टरशी बोलत आणि तिथूनच ओरडून सांगत. हर्षल लिहीत गेला.

“नाक्यावरचा दवाखाना. नाही.”

“नाही,” हर्षलनं लिहिलं.

“त्यापुढचा. नाही. मागणी केली आहे म्हणतात.”

“नाही.”

“नदीपलीकडचा...” भंते थांबले. पलीकडच्या बाईचं बोलणं ऐकत राहिले. मग म्हणाले, “नाही. शेवटची काल वापरली.”



“भंते... मग आहे कुठे?”

“तालुक्याला आहे. फक्त तालुक्याला.”

“म्हणजे सगळीकडे नाहीच लिहायचं? मग हे पान कशाला?”

“म्हणजे नाक्यावर थांबण्यात वेळ जाणार नाही.”

हर्षलनं लिहिलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं. चित्र नाही, ठिपका नाही, गोल कोपरे नाहीत. नावं खरी, नंबर खरे.

मग त्यानं ते सर्व्हरवर चढवायला घेतलं. चढेना.

त्यानंच लावलेल्या तपासणीनं पान अडवलं होतं. ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा नियमाप्रमाणे नाही, असं स्क्रीन सांगत होता. खाली लाल अक्षरांत लिहून आलं होतं : प्रकल्पाच्या शिस्तीत बसत नाही.

हीच व्यवस्था भाषणात सांगितली की लोक टाळ्या वाजवायचे.

त्यानं तपासणी बंद केली. पान चढलं.

भंतेंनी आपल्या फोनवर पत्ता टाकला. पान उघडलं. त्यांनी वरून खाली सावकाश वाचलं. एक नंबर चुकला होता, तो दाखवला. हर्षलनं दुरुस्त केला.

“लोकांना पत्ता कसा कळेल?” हर्षलनं विचारलं.

“मी संध्याकाळी गावांत जाईन. उद्धवलाही सांगेन. त्याच्या गल्लीतल्या बाया अजून रोवणीला जातात.”

भंते आत गेले. हर्षल एकटाच बसून राहिला. खालच्या बांध्यांमधून बायकांचे आवाज वर येत होते, शब्द न कळणारे.

थोड्या वेळानं त्यानं फाइल पुन्हा उघडली. सगळ्यांत वर, दवाखान्यांच्याही आधी, एक ओळ घातली. दोनदा वाचली. मग आत जाऊन लॅपटॉप भंतेंसमोर धरला.

‘हे पान दुर्पताबाई उद्धव वाळके यांच्या स्मृतीस अर्पण.’

भंतेंनी वाचलं.

“काढ.”

“भंते...!”

“काढ ती ओळ.”

“एवढं तरी करू द्या मला. तिचं नाव तरी राहू दे. तिच्यासाठीच तर...”

“साप चावलेलं माणूस मांडीवर असताना कुणीतरी हे उघडेल. ते आधी काय वाचेल?”

हर्षलनं एकेक अक्षर मागे घेतलं. शेवटी ‘हे’ उरलं, तेही गेलं. पहिल्या ओळीवर पुन्हा नाक्यावरचा दवाखाना आला. नाही.

तो तिथेच जमिनीवर बसला. बराच वेळ तोंड ओंजळीत धरून बसला. भंतेंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, समजूतही घातली नाही. बाहेर अंधारून आलं होतं आणि पाऊस वाढला होता.

“मग तिचं नाव मी कुठे ठेवू, भंते?”

...

“उद्यापासून रोज सकाळी सिस्टरना फोन तू लाव.”